विटकरी अंगठा

निरोपाच्या भाषणाला दोन तास उरले होते, आणि त्याची शेवटची विद्यार्थिनी लाकडी कपाटाच्या तळातून कागदाच्या सुरळ्या ओढून काढत होती. “सर, हे फेकायचं की ठेवायचं?” असं ती सकाळपासून विचारत होती आणि तो न बघताच “फेक” म्हणत होता. एकदा बघायला लागलो तर निवृत्तीचं वय उलटून जाईल तरी कपाट रिकामं व्हायचं नाही, हे त्याला ठाऊक होतं. पण या वेळी तिने सुरळी उलगडली आणि फेकायचं की ठेवायचं हे न विचारता एकदम हसली. “अय्या, सर! हाच का तो? ताईंचा अंगठा?”

तो वळला. टेबलभर जाड, पिवळट पडलेला कागद पसरला होता. खाली पेन्सिलीची रेघ, रेघेवर बारा फुल्या, आणि फुल्यांखाली ताईचं टपोरं, एकसारखं अक्षर: साधं, ताण, साधं, ताण. प्रत्येक फुलीवरून डागांची एकेक रांग वर चढत गेलेली. डाग एके काळी जांभळे होते. पण तो जांभळा रंग महिन्या-दोन महिन्यांत उडतो, म्हणून मास्तर कागदावर तांब्याच्या क्षाराचा फवारा मारून तो पक्का करत, आणि मग सगळं विटकरी होऊन बसे. मास्तर गेले, त्यांची खुर्ची गेली, खिडकीबाहेरचं झाडसुद्धा गेलं, आणि हा विटकरी रंग मात्र छत्तीस वर्षं अंधारात टिकून राहिला होता. सातव्या फुलीच्या वर, जिथे साध्या रोपाचा फिका डाग असायला हवा होता नेमका तिथे, रेघन् रेघ उमटलेला एक अंगठा होता.

हा कागद मास्तरांनी रागाने टराटरा फाडून टाकला, असं तो दरवर्षी नव्या मुलांना सांगत आला होता. मास्तरांनी फाडला नव्हता. त्यांनी तो नीट गुंडाळून ठेवला होता. ही गोष्ट म्हणजे या प्रयोगशाळेची जुनी मालमत्ताच होती. पहिल्या दिवशी मुलं आली की तो हातमोज्यांचा खोका पुढे करायचा आणि सुरू व्हायचा: आपल्या घामात मोकळी अमिनो आम्लं असतात, निनहायड्रिन हे रसायन मारलं की ती जांभळी होऊन चुगली करतात, म्हणून उघड्या हाताने कागदाला शिवायचं नाही. माझी सख्खी मोठी बहीण इथेच कामाला होती. तिने माझ्या पहिल्याच मोठ्या प्रयोगावर अंगठा उठवला. त्या दिवशी सगळ्यांत जास्त ताण रोपांवर नव्हता बरं का, माझ्या बहिणीच्या अंगठ्यावर होता! मग हशा. हशाची जागा ठरलेली होती. मुलांनी तर हातमोज्यांचं नावच ‘ताई’ पाडलं होतं. “ताई घातल्यात का?” असं एकमेकांना विचारल्याशिवाय इथे कुणी बाटलीचं झाकण उघडत नसे. आज संध्याकाळच्या भाषणातही हा विनोद तिसऱ्या पानावर होता, आणि आज तो ऐकायला खुद्द ताईही येणार होती.

“केवढा स्पष्ट आलाय!” विद्यार्थिनी वाकून बघत होती. “आणि हे मध्ये काय आहे? तिरकी पांढरी रेघ? कापलं होतं का ताईंना?”

“तू चहा घेऊन ये,” तो म्हणाला, “सावकाश घेऊन ये.” ती गेल्यावर त्याने दार लोटलं आणि स्वतःचा उजवा अंगठा डोळ्यांसमोर धरला. अंगठ्याच्या पेरावरून तिरका गेलेला तो व्रण इतका जुना होता की अंगावर असूनही तो विसरला होता. सात वर्षांचा असताना तो डबक्यातलं पाणी बरणीत भरून तीन जिने पळत वर चढला होता. पाण्यात काहीतरी वळवळत होतं आणि ते कुणाला तरी दाखवल्याशिवाय त्याला राहवत नव्हतं. शेवटच्या पायरीवर बरणी फुटली. आई कामाला गेलेली. ताई तेरा वर्षांची, तिने त्याला खिडकीच्या उजेडात बसवलं, भुवया कोरायच्या चिमट्याने काच काढायला घेतली आणि सांगितलं, “हलू नकोस चिमण्या. हललास तर आत जाईल.” तो रडत होता पण हलला नव्हता. तिचा हातही हलला नव्हता. तेव्हापासूनच तिचा हात कधी हलत नसे.

टेबलावर प्रमाणपत्रांच्या शिक्क्याची जांभळ्या शाईची गादी होती. त्याने त्यावर अंगठा टेकवला आणि एका कोऱ्या पाकिटावर दाबला. मग ते पाकीट नेऊन त्या विटकरी ठशाशेजारी ठेवलं. दोन्हीकडे पांढरी रेघ एकाच अंगाला तिरकी, एकाच जागी तुटलेली, आणि तिच्या टोकाशी तोच बारीक फाटा. चष्मा काढून पाहिलं, घालून पाहिलं. इतकी वर्षं लोकांचे पुरावे तपासण्यात गेली होती. “अजून एकदा करून बघा, घाईने निष्कर्ष काढू नका” हे त्याचं पालुपद होतं. इथे अजून एकदा करून बघण्यासारखं काही राहिलं नव्हतं. तो खुर्चीत बसला. आपण खोटारडे आहोत हे माणसाला साठाव्या वर्षी, दुपारच्या तीन वाजता, चहाची वाट बघत असताना कळावं, याची त्याला लाज वाटली, आणि त्या लाजेखाली एक गार भीती होती: आज कळलं, की आज फक्त सापडलं?

आठवणीत तो वास आधी आला. ब्युटॅनॉलचा गोडसर, डोक्यात जाणारा वास आणि त्यात मिसळलेलं व्हिनेगरसारखं आंबट काहीतरी. काचेच्या उंच पेट्यांत कागद लटकलेले असत, त्यांच्यातून द्रव संथपणे सरकत असे, आणि सगळी खोली त्या वासाने भरून जाई. दोघं भावंडं घरी परतली की आई नाक मुरडून म्हणायची, “आले लोणच्याच्या बरणीतले.” ताई आधी लागली होती इथे, मास्तरांच्या हाताखाली, कागदांवर रोपांच्या रसाचे थेंब ठेवायच्या कामावर. काचेच्या केसासारख्या नळीतून ती असा थेंब ठेवी की तो मोहरीएवढाच उमटे. मग फुंकर, मग त्याच जागी दुसरा, मग तिसरा. मास्तर बाहेरून आलेल्या पाहुण्यांना आधी तिचे हात दाखवत आणि मग यंत्रं. तो शिकायला आला तेव्हा आयताच तिच्या शेजारच्या स्टुलावर बसला. त्याला वाटे, विज्ञान म्हणजे असंच असतं, शेजारी कुणीतरी न हलणाऱ्या हाताने काम करतं आणि आपण वहीत लिहायचं.

आणि मास्तरांचा तो फळा. मास्तर रंगात आले की खडूची भुकटी त्यांच्या भुवयांवर जमे. ते म्हणायचे, प्रथिन म्हणजे ओवलेली माळ आणि अमिनो आम्लं म्हणजे मणी. पण प्रत्येक पेशीत न ओवलेले, मोकळे मणीही असतात, नुसते इकडेतिकडे पडलेले. लोक म्हणतात, हे उरलेलं सामान. तसं नाही बाबांनो. ऑक्सिजन हा जगायला लागतो आणि तोच आतून जाळतो. रोपाचं पाणी तोडलं, त्याला मिठात उभं केलं, उन्हात होरपळवलं, की ही जाळपोळ हाताबाहेर जाते. याला म्हणायचं ऑक्सिडेटिव्ह ताण. आणि बघा, नेमके तेव्हाच हे मोकळे मणी वाढतात! आता मला सांगा, हे मदतीला धावून आलेत, की आतल्या माळा तुटल्या म्हणून घरंगळलेत? धाव की पडझड? असं म्हणून ते खडू खाली ठेवत आणि वर्गाकडे असे बघत, जणू उत्तर कुणाच्या तरी खिशात आहे. तो या एका प्रश्नावर सगळं आयुष्य बसला होता. मोकळं मेथिओनीन, एवढा साधा मणी, आगीच्या पुढ्यात जाऊन ऑक्सिजनचा घाव स्वतःवर घेतं, म्हणजे आतलं मोलाचं प्रथिन वाचतं. मग पेशीतलं एक विकर त्या जखमी मण्याला दुरुस्त करतं आणि तो परत जाऊन उभा राहतो, पुन्हा भाजून घ्यायला. हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी तो आनंदाने खोलीभर फिरला होता. आज तेच आठवताना त्याला त्या विकरापाशी अडखळल्यासारखं झालं. मणी आपणहून बरा होत नाही, त्याला कुणीतरी बरं करावं लागतं.

त्या दिवसाचं काय? त्या दिवशी तो पहाटे उठून, तोंडही न धुता, एकटाच प्रयोगशाळेत आला होता, एवढं नक्की. कागद ओला होता. निनहायड्रिन मारल्याशिवाय काही दिसत नाही हे त्याला पाठ होतं, तरी त्याने तो पेटीतून काढला, उजेडाकडे धरून पाहिला आणि वाळायला टांगला. इथपर्यंत चित्र लख्ख होतं. त्यात त्याचे हात कागदाच्या कडेला होते, अगदी शहाण्यासारखे, दोन बोटांत कड धरलेले. हे चित्र त्याने केव्हा काढलं असेल? नऊ वाजता ताईने फवारा मारला आणि कागद भट्टीत ठेवला. तो समोर बसून केळं खात होता, केळ्याची चवसुद्धा आठवत होती. भट्टीचं दार उघडलं. ती कागदाकडे बघत नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ उभी राहिली. मास्तरांनी हाक मारली, ती कागद घेऊन त्यांच्या खोलीत गेली, आणि भिंतीपलीकडून तिचा आवाज आला, “माझा हात लागला, सर.” मास्तर ओरडले नाहीत, तेच वाईट होतं. बियाणं बाहेरून मुद्दाम मागवलेलं, मूठभर, संपलेलं. तीन महिने पाण्यात गेले होते. पुढच्या आठवड्यात मास्तर तिचं नाव पदवीच्या अभ्यासासाठी पाठवणार होते, तो अर्ज टेबलावरून नाहीसा झाला. ताईची बदली काचसामानाच्या खोलीत झाली. तिथल्या लहान खिडकीतून ती चोवीस वर्षं बाहेरच्यांना चंचुपात्रं आणि नळ्या देत राहिली, तडा गेलेली काच उजेडात धरून बघत राहिली. आणि तो? तो घरी आल्यावर तिच्यावर चिडला होता. दोन दिवस बोलला नव्हता. खरंच माहीत नसलेला माणूस इतका चिडतो का, हे त्याला आता कळेना. की माहीत असलेलाच इतका चिडतो?

विद्यार्थिनी चहा घेऊन आली तेव्हा तो कोट चढवत होता. “सर, अंगठ्याला शाई लागलीय.” “असू दे,” तो म्हणाला, “मी ताईला आणायला जातो.” “पण गाडी पाठवणार होतो ना?” “मीच जातो.” चालत वीस मिनिटांची वाट होती. वाटेत त्याने भाषणाचं तिसरं पान मनात चार-पाचदा नव्याने लिहिलं. विनोद गाळावा आणि कुणाला पत्ता लागू देऊ नये, हे सगळ्यांत सोपं होतं. मुलं विचारतील, सर, ताईंची गोष्ट राहिली. तर म्हणता येईल, वेळ नव्हता. खरं सांगायचं तर समोर दोनशे माणसं, जुने सहकारी, ज्यांच्या ज्यांच्यावर त्याने नेमकेपणाबद्दल डोळे वटारले होते ते सगळे. आणि ताईसमोर तोच विनोद पुन्हा करायचा, हा तिसरा रस्ता आता बंद झाला होता. रस्त्यावर कुणीतरी कुत्र्याला फिरवत होतं, कुणी दुकानाची काच पुसत होतं. आपल्या आयुष्यातला पहिला प्रामाणिक प्रयोग आपण आज करणार की नाही, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं, याचं त्याला नवल वाटलं आणि बरंही वाटलं.

ताई अजून त्याच तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत होती. शेवटची पायरी आली की त्याचे पाय अजूनही आपोआप जपून पडत. तिने दार उघडलं, ठेवणीतला करडा कोट घालून तयार, पायांत एकच बूट. “लवकर आलास. दुसरा बूट सापडत नाहीये. निरोप तुझा आहे आणि पळापळ माझी.” तिने त्याच्या हाताकडे पाहिलं. जांभळ्या अंगठ्यावर तिची नजर थांबली, तशीच, भट्टीच्या दारापाशी थांबली होती तशी. मग ती वाकून पलंगाखाली बूट शोधू लागली आणि खालूनच म्हणाली, “सापडला वाटतं कागद.”

तो खिडकीपाशी बसला. त्याच खिडकीपाशी. बोलायचं पुष्कळ ठरवून आला होता, म्हणाला एवढंच, “ताई, तू का नाही सांगितलंस?”

“काय सांगायचं?” ती बूट घेऊन समोर बसली. “तुझ्या अंगठ्यातली काच मी काढलीय. मला दाखवायला लागतो का तो? मास्तर त्या दिवशी ज्याचा अंगठा असेल त्याला घरी पाठवणार होते. तू नवा होतास, तुला कायमचं पाठवलं असतं. मला वाटलं, मी जुनी आहे, मला चार दिवस बोलतील आणि विसरतील.” तिने बूट पायात सरकवला. “नाही विसरले. माणसाचा अंदाज चुकतो.”

“मला माहीत नव्हतं गं.” हे म्हणताना त्याचा आवाज त्यालाच खरा वाटला नाही, म्हणून त्याने पुढे जोडलं, “म्हणजे, मला वाटतं माहीत नव्हतं.”

तिने बुटाची नाडी बांधता बांधता वर पाहिलं. “असं? मला तर इतकी वर्षं वाटत होतं की तुला माहीत आहे.” तिने ते साधेपणाने सांगितलं, जसं कुणी घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे असं सांगतं. “राग नव्हता आला मला. खोटं कशाला बोलू? काचेच्या खोलीत बसून कंटाळा आला, रडूही आलं, पण तुझा राग नाही आला. तुझ्या पदवीच्या वेळी तू पहिल्यांदा तो विनोद केलास ना, ताणाखालचा अंगठा, आणि सगळे हसले, तेव्हा आला. मला वाटलं, ह्याला सगळं ठाऊक आहे आणि तरी हा हसतोय. मग मीही हसले. दरवर्षी हसले. सवय होते.”

खाली रस्त्यावर कुणाची तरी सायकल घसरली, शिव्या आल्या, शांत झालं. त्याला वाटलं, तिने ओरडावं, मास्तर ओरडायला हवे होते तसं. छत्तीस वर्षं रोज थोडं थोडं भाजत राहिलेलं माणूस समोर बसून नाडीची गाठ मारत होतं आणि त्याच्याकडे द्यायला काही नव्हतं. त्याला रडू आलं. साठ वर्षांच्या माणसाला जसं येतं तसं, बेढब, नाकातून. तिने त्याला रडू दिलं. मग त्याचा हात ओढून घेतला, रुमालाचं टोक ओलं केलं आणि अंगठ्यावरची शाई पुसायला लागली. शाई निघेना.

“राहू दे,” तो म्हणाला. “आज काय सांगू मी तिथे?”

“ते तुझं तू बघ. मी नुसती बसायला येणार आहे. आणि हे बघ, पहिल्या रांगेत नको, मला तिसऱ्या रांगेत पंख्याखाली बसव. पहिल्या रांगेतल्या माणसाला झोप आली तरी झोपता येत नाही.”

सभागृह भरलं होतं. ताई पंख्याखाली बसली होती, कोट न काढता. त्याने पहिली दोन पानं वाचली. मास्तरांचा फळा सांगितला, माळ सांगितली, मोकळे मणी सांगितले. धाव की पडझड, या प्रश्नाला इतकी वर्षं दिल्यावर आपल्याला एवढंच कळलं की दोन्ही. घर कोसळताना जो मदतीला धावतो आणि जो ढिगाऱ्यातून बाहेर फेकला जातो, ते दोघं कागदावर अगदी सारखे दिसतात, एकाच रंगाचे, एकाच उंचीवर, आणि नुसता डाग मोजून कोण कोण होतं ते सांगता येत नाही. लोकांनी माना डोलावल्या. मग तिसरं पान आलं. मुलांनी हशासाठी तोंडं तयार ठेवली होती, ते त्याला वरून दिसत होतं. मागच्या बाकांवरून कुणीतरी हळूच म्हणालंही, “आली ताई.”

त्याने कागद मिटले. “ही गोष्ट मी तुम्हाला अठ्ठावीस वेळा सांगितली आहे,” तो म्हणाला, “आणि अठ्ठावीस वेळा चुकीची सांगितली.” सवयीने थोडं हसू आलं आणि मध्येच तुटलं. त्याने उजवा हात वर केला, अंगठा जांभळा. “तो अंगठा हा आहे. माझ्या बहिणीने तो स्वतःचा म्हणून सांगितला आणि त्याच्या बदल्यात तिचं काम गेलं. माझं राहिलं. तुम्ही ज्यांना हसता ते हातमोजे तिच्या नावाचे नाहीत, माझ्या नावाचे आहेत. मला हे कळायला छत्तीस वर्षं लागली, किंवा मी लावली. कुठलं खरं, ते मलाही सांगता येत नाही.” सगळ्यांना दिसावं म्हणून त्याने शेजारी ठेवलेली सुरळी उलगडली आणि तो जुना कागद दोन्ही हातांनी उंच धरला. पंख्याच्या वाऱ्याने कागद फडफडत होता.

तिसऱ्या रांगेतून, पंख्याखालून, काचसामानाच्या खिडकीतून यायचा तसा खणखणीत आवाज आला.

“उलटा धरलायस, चिमण्या. रेघ खाली येते.”

त्याने कागद फिरवला.

“आणि मध्ये नको रे शिवूस,” ताई म्हणाली. “कडेला धर.”

त्याने कागद कडेला धरला.